आरामशीर बाथटब निवडताना नेमकं काय बघावं?

निवांतक्षण
नमस्कार मंडळी. बाथरूमचं काम काढलंय. जुन्या टाइल्स उखडून झाल्या, जुना टब गेला आणि आता भिंत ते भिंत साडेपाच फूट जागा रिकामी झालीय. तिथे नवा टब बसवायचाय.

जुना टब बारा वर्षं वापरला, पण त्यात एकदाही अंग सैल सोडून पडता आलं नाही. गुडघे पाण्यात घेतले की खांदे बाहेर, खांदे बुडवले की गुडघे गारठलेले. मान टेकायला जागा नाही म्हणून टॉवेलची घडी ठेवायचे, तीही ओली झाली की घसरायची. माझं काम दिवसभर उभ्याने असतं. रात्रीची ती वीस मिनिटं मला खरोखर हवी असतात, म्हणून या वेळी घाई करायची नाहीये.

घरात आम्ही तिघं. मी ५ फूट १ इंच, नवरा ६ फूट, सासूबाई ७४ वर्षांच्या आणि एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. दोन आठवडे फोटो बघतेय. सगळे टब देखणे, पण पाठीला कसं वाटेल हे एकही फोटो सांगत नाही. लांबी किती घ्यावी? ॲक्रिलिक की बीड (ओतीव लोखंड)? पाण्याचे झोत सोडणारे जेट्स हवेत का? भिंतीत बसवलेला की सुटा? वापरणाऱ्यांनी मनमोकळं सांगा.

गवतफूल
पहिली! माझं मत विचाराल तर टब नकोच. आम्ही काम काढलं तेव्हा टब काढून ऐसपैस शॉवर केला. टबात वर्षातून तीनदा बसायचो आणि बाकीचे दिवस तो पुसायचो. मिनिटाला ८-९ लिटर धरले तर दहा मिनिटांच्या शॉवरला ८०-९० लिटर लागतात, टबाला सहज दीडशे.

पाणकोंबडी
गवतफूल, त्या रोज रात्री वापरतात असं लिहिलंय की. रोज वापरणाऱ्याला टबाचा सल्ला द्यायला हवा.

निवांतक्षण, कॅटलॉगमधली लांबी आधी विसरा. ती बाहेरची असते, काठासकट. दोन्हीकडचे काठ गेले, पाठीचा उतार गेला की खाली तळाला उरते ती खरी लांबी. पाच फुटी टबाच्या तळाला साडेतीन-पावणेचार फूटच मिळतात. तुमचं माकडहाड आणि तळपाय याच जागेत मावायचे आहेत.

आता गंमत अशी की तुमच्या उंचीला लांब टब उलट त्रासदायक होतो. पाण्यात अंग हलकं होतं. समोरच्या भिंतीला पाय टेकले नाहीत तर माणूस हळूहळू खाली सरकत जातो, मग हाताने काठ धरून ठेवावा लागतो आणि खांदे ताठच राहतात. मी स्वतः ५ फूट २ इंच. सहा फुटी टब हौसेने घेतला आणि चार वर्षं त्यात अर्धवट पोहतेय. पायाशी एक प्लास्टिकचं स्टूल उलटं घालून ठेवते, तेव्हा कुठे टिकते.

दुसरं, खोली. तीही बाहेरून मोजायची नाही. तळापासून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत मोजा, कारण पाणी तिथपर्यंतच चढणार. साध्या टबांत हे अंतर १०-१२ इंच असतं. तुमच्या खांदे-गुडघ्यांच्या तक्रारीचं मूळ बहुतेक तेच. १४-१५ इंच मिळाले तर दोन्ही एकदम बुडतील.

टिपकागद
वर पाणकोंबडींनी लिहिलंय त्याला +१. ओव्हरफ्लोची खोली विक्रेत्यालाही पटकन सांगता येत नाही. टेप सोबत न्या.

अण्णा७४
दुकानात जा, चपला काढा आणि टबात जाऊन बसा. लाजू नका. नुसतं बसून उठायचं नाही, दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं. पहिल्या मिनिटाला सगळेच टब बरे वाटतात. पाचव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते. माझ्या पाठीला थोडा उभट उतार आणि कमरेशी हलका फुगवटा असलेला टब मानवला, बायकोला तोच फुगवटा टोचला. ज्याची पाठ त्यानेच टेकून बघायची.

आणि काठाचं टोक बघा. मान टेकते तिथे कड धारदार असेल तर उशी लावूनही सुख नाही.

झोपाळू_बोका
आमच्या घरी हे परीक्षण बोक्याने केलं. टब बसवला त्या दिवसापासून कोरड्या टबात पाठीच्या उताराला टेकून झोपतो. उतार उत्तम आहे अशी त्याची ग्वाही.

टिपकागद
बोक्याची उंची किती? तळाची लांबी विचारून घ्या.

रानपाखरू
आमच्याकडे उंचीचा हाच घोळ होता, मी ५-३ आणि नवरा ६-१. एक टब दोघांना सारखाच बसेल ही आशा आम्ही सोडली. जो जास्त वापरतो त्याच्या मापाने घ्यायचा. सहा फुटी माणूस गुडघे वाकवून बसू शकतो, पण बुटक्या माणसाला पाय लांब करता येत नाहीत ना!

दोन्हीकडे उतार आणि मधोमध ड्रेन असलेले टब दोघांसाठी म्हणून विकतात. एकट्याने बसलात तर समोर टेकायला उभी भिंतच नाही, पाय उतारावरून वर घसरत जातात. तो प्रकार बुटक्यांनी टाळावा.

क्षितिजापार
जपानी पद्धतीचा टब बघितलात का? ओफुरो म्हणतात. आखूड आणि खोल, त्यात पडायचं नसतं, गुडघे वाकवून बसायचं. पाणी थेट खांद्यापर्यंत. पारंपरिक ओफुरो हिनोकी नावाच्या लाकडाचे असतात, पाणी भरलं की त्यांचा वास दरवळतो. साबण लावणं-धुणं बाहेरच उरकून मग आत शिरायचं, त्यामुळे तेच पाणी घरातले सगळे वापरतात. मी असा चार फुटी, ॲक्रिलिकचा वापरते. उंच नवरा आणि बुटकी बायको, दोघांनाही चालतो.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्षितिजापार, टब छान आहे, पण त्या कुटुंबात ७४ वर्षांच्या आजी आहेत. दोन फूट उंच काठ ओलांडायचा म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर सगळा भार एका क्षणी येतो, तोही ओल्या जमिनीवर.

आजींसाठी जास्त महत्त्वाचं आहे ते त्या टबात शिरतात कशा आणि निघतात कशा हे. काठ साधारण १७ ते १९ इंच उंच असला तर त्यावर खुर्चीसारखं बसता येतं. आधी बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. त्यासाठी काठ रुंद हवा. सुट्या टबाचे काठ निमुळते असतात, त्यावर बसणं धोक्याचं. जमिनीत खड्डा करून बसवलेला टब दिसायला राजेशाही, पण उठताना हाताला आधार नाही आणि चालता चालता पाय आत जायची भीती. वयस्कर घरात नको.

धरायचा दांडा भिंतीच्या आत पक्क्या आधारात ठोकलेलाच हवा. टाइल्सवर रबरी चकतीने चिकटवायचे दांडे मिळतात, त्यांच्यावर अंगाचा भार टाकू नका. काम चालूच आहे, तर टाइल्स लावायच्या आधी दांड्याची जागा ठरवून आतून फळी किंवा काँक्रीट भरून घ्या. एक उभा दांडा शिरायच्या जागी, एक आडवा बसल्यावर हाताला लागेल असा. दुकानात आजींना घेऊन जा आणि त्यांचा हात आपसूक कुठे जातो ते बघा. तिथेच दांडा.

गवतफूल
सांधेजोड, दार असलेले टब मिळतात ना हल्ली? काठ ओलांडायचीच गरज नाही.

सांधेजोड
मिळतात, आणि काहींना ते वरदान ठरतात. पण दार बंद करून आत बसल्यावरच पाणी भरायला सुरुवात होते आणि सगळं पाणी ओसरल्याशिवाय दार उघडता येत नाही. भरेपर्यंत आणि रिकामा होईपर्यंत माणूस उघड्या अंगाने बसून राहतो. म्हातारपणी तेवढ्यात हुडहुडी भरते. घ्यायचाच तर भरण्याचा आणि ओसरण्याचा वेळ आधी विचारा.

शून्यअंश
बीड की ॲक्रिलिक यावर थोडं गणित. बिडाच्या टबात पाणी गरम राहतं असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं आहे. लोखंडाचा विशिष्ट उष्मा (एक किलो वस्तू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याच्या साधारण एक नवमांश. म्हणजे १५० किलोचा टब उष्णतेच्या हिशोबात १६-१७ लिटर पाण्याइतका. टब २२ अंशांवर असताना त्यात ४० अंशांचं १७० लिटर पाणी सोडलं, तर टब तापण्यातच पाण्याचा दीड अंश जातो. पुढे मात्र तो ऊब धरून ठेवतो. ॲक्रिलिक सुरुवातीला जवळजवळ काहीच घेत नाही आणि उष्णतेचा वाहकही मंद आहे. पाठ टेकली की गार लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

पाणी निवतं ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून, बाष्पीभवनाने. बाथरूम बंद ठेवा, पाणी भरताना वर एखादं झाकण घाला. टबाच्या साहित्यापेक्षा त्याचा फरक जास्त पडतो. पातळ पत्र्याचा एनॅमल टब तेवढा खरंच लवकर थंड होतो, आणि पाणी पडताना ढोल वाजवतो.

मुक्काम_पोस्ट
साहित्याचे माझे अनुभव, तीन घरं बदलल्यामुळे. फायबरचा टब वजनाला हलका, पण वरचा थर काही वर्षांत निस्तेज झाला आणि तळाला केसासारखे बारीक तडे पडले. ॲक्रिलिक बरं, ओरखडे पॉलिशने जातात. मात्र ॲसिटोन आणि खरखरीत पावडर लावायची नाही. ॲक्रिलिक घ्याल तर तळाखाली मसाल्याची (कालवलेल्या सिमेंट-वाळूची) गादी घालूनच बसवून घ्या. आमच्याकडे नुसता पायांवर ठेवला होता. आत उभं राहिलं की तळ करकरायचा, आणि त्या आवाजाने कधी निवांत वाटलंच नाही. दगडाची भुकटी आणि राळ मिसळून केलेले टब फार सुरेख, हाताला मऊ लागतात, पण वजन!

ओळंबा
वजनावरून लिहायलाच हवं, माझं काम बांधकामाचंच. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १७० किलो पाणी, ७०-८० किलोचा माणूस आणि बीड असेल तर टबाचे १५०. चारशे किलो झाले, तेही तेवढ्याशा जागेत. तळमजल्यावर जमिनीवर असाल तर निर्धास्त राहा. वरचा मजला असेल, त्यातून लाकडी फळ्यांची जमीन असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जड टब घेऊ नका. विक्रेता "काही होत नाही हो" म्हणेल, पण स्लॅबची जबाबदारी तो घेत नाही.

बाकी कामाच्या गोष्टी. दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण मोजा. टब घरापर्यंत आला आणि दारात अडला असं मी दोनदा पाहिलंय. काठावर लेव्हल ठेवून टब सपाट बसवा. ड्रेनकडचा उतार तळात आधीच दिलेला असतो, मिस्त्रीने आणखी उतार काढायला जाऊ नये. ड्रेनपाशी हात जाईल अशी उघडती झडप ठेवा, नाहीतर उद्या गळती झाली की टाइल्स फोडाव्या लागतील.

आणि एक बारीकशी, पण वर्षानुवर्षं उपयोगी पडणारी युक्ती. टब आणि भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन भरण्याआधी टब पाण्याने भरा. वजनाने तो किंचित खाली बसतो. त्या अवस्थेत सांधा भरा आणि सिलिकॉन वाळेपर्यंत पाणी तसंच ठेवा. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पहिल्या अंघोळीला सांधा ताणतो, चार-सहा महिन्यांत फाटतो आणि भिंतीत ओल शिरते.

पाणकोंबडी
ओळंबा, ही सिलिकॉनची युक्ती वाचून आमच्या सांध्याचं कोडं सुटलं. तीनदा भरून घेतला होता. मनापासून धन्यवाद.

चंद्रकोर
जेट्सबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला ते हवेसे वाटतात. संधिवात आहे, पाण्याचा झोत कमरेवर घेतला की बरं वाटतं.

अवांतर: जेट्सच्या टबाला जकुझी म्हणतात ना, ते मुळात आडनाव आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या सात भावांचं कुटुंब, विमानाचे पंखे आणि पंप बनवणारं. कँडिडो जकुझींच्या लहानग्या मुलाला, केनेथला, संधिवात होता. त्याला घरीच जलोपचार मिळावा म्हणून केलेल्या पंपातून १९५६ मध्ये टबात ठेवायचा पंप बाजारात आला. टबातच जेट्स बसवलेला पहिला टब रॉय जकुझींनी १९६८ मध्ये केला. चैनीची वस्तू म्हणून आज आपण ज्याकडे बघतो, ती एका मुलाच्या दुखऱ्या सांध्यांसाठी जन्मली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

मुक्काम_पोस्ट
चंद्रकोर, सुरेख माहिती. जेट्सच्या टबात एक बघा. पाण्याच्या जेट्समध्ये टबातलं पाणीच नळ्यांतून फिरतं आणि थोडं आत साचून राहतं. नळ्या नियमित साफ केल्या नाहीत तर चालू केल्याबरोबर काळपट कपटे बाहेर येतात. मी पाहिलेत, आणि मग त्या पाण्यात बसवेना. तेल किंवा फेसाचा साबण तर त्यात घालूच नये. हवेच्या जेट्समध्ये फक्त हवा सोडतात, नंतर पंखा नळ्या वाळवतो. झोत सौम्य, पण स्वच्छतेला सोपा.

अण्णा७४
अवांतरात माझीही भर. जॉन मायकेल कोलर या कारखानदाराने १८८३ मध्ये जनावरांच्या पाण्याच्या लोखंडी डोणीला एनॅमल चढवलं, चार पाय लावले आणि बाथटब म्हणून विकली. तेव्हा देखणेपणावर जाऊ नका, मूळ पुरुष डोणी आहे!

मध्यरात्र
रात्री झोप लागत नसेल तर टबाची वेळ पाळून बघा. २०१९ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून आढावा घेतला होता. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यात अंघोळ केली तर झोप लवकर लागते, असा त्याचा निष्कर्ष. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त जास्त जातं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं तापमान उतरायला लागतं. ते उतरणं हीच झोपेची खूण. मी तासभर आधी उरकते. अगदी अंथरुणात शिरण्यापूर्वी केली तर तळमळत राहते.

सांधेजोड
मध्यरात्र, सहमत. फक्त वयस्कर, गरोदर आणि रक्तदाबवाल्यांनी ४२ पर्यंत जाऊ नये. आजींना ३८ पुरे. निघताना आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते.

निवांतक्षण
बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! गीझरबद्दलही कुणी सांगा ना. आत्ता आहे त्यात जुना टब अर्धा भरला की गार पाणी सुरू व्हायचं.

शून्यअंश
हिशोब सोपा आहे. गार पाणी २० अंश, गीझरचं ६० अंश, हवं ४०. निम्मं-निम्मं लागणार. पण टब ओव्हरफ्लोपर्यंत २०० लिटरचा असेल तर २०० भरायचे नाहीत, तुम्ही आत बसल्यावर पाणी वर चढतंच. पन्नासेक लिटर तुमच्या अंगाचे धरा. उरले दीडशे, त्यात ७५ लिटर गरम. साठवणीच्या गीझरमधून पूर्ण तापमानाचं पाणी साधारण ७० टक्केच मिळतं, मागून गार शिरत असतं. म्हणजे टाकी ११० लिटरच्या आसपास हवी.

(टबात शिरताच पाणी चढताना पाहून आर्किमिडीज ओरडत धावला ही गोष्ट लिहून ठेवली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने, तीही जवळजवळ दोनशे वर्षांनी. धावला असो वा नसो, गीझर निवडताना त्याचं तत्त्व कामी येतं.)

रानपाखरू
सुट्या टबाचं राहिलंच. भिंत आणि टबाच्या मधे हात आणि फडकं जाईल एवढी जागा हवी, अर्धा फूट तरी. साडेपाच फुटांत ते जमायचं नाही. साबण, पुस्तक, चष्मा ठेवायलाही जागा नसते. मी बाजूला स्टूल ठेवते.

गवतफूल
एवढं वाचून मलाच टब घ्यावासा वाटायला लागलाय.

निवांतक्षण
मंडळी, आले परत. दोन शनिवार-रविवार, सात टब, तिघंही सोबत. टेप नवऱ्याच्या हातात.

पहिल्या दुकानात मी संकोचत बसले, तिसऱ्यात चपला काढून सरळ आडवी झाले. अण्णा, पाचव्या मिनिटाचं अगदी खरं आहे. मला सर्वांत आवडलेला सुटा टब सातव्या मिनिटाला मानेला रुतायला लागला. एका साडेपाच फुटी ॲक्रिलिक टबात तळाची लांबी बरोबर चार फूट निघाली. पाय समोर टेकले, गुडघे किंचित वाकलेले, कमरेखाली पोकळी नाही. ओव्हरफ्लोपर्यंत साडेचौदा इंच. नवऱ्याचे गुडघे अर्थात वर आले. तो म्हणाला, "मी शॉवरवालाच आहे, तू तुझ्या मापाचा घे."

अडचण काठाची होती. पाणी खोल हवं तर काठ उंच होतो, आणि सासूबाईंना तो अठराच्या आसपास हवा. हा वीस इंचांवर जात होता. सासूबाई बराच वेळ बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला एकदा बसू तर दे." पायाशी दोन इंचांची रुंद लाकडी फळी ठेवली, त्यावर उभ्या राहून काठावर टेकल्या, एकेक पाय आत घेतला. त्यांचा उजवा हात आपसूक भिंतीकडे गेला, खांद्याच्या जरा खाली. नवऱ्याने तिथेच टेपने माप घेतलं. आत बसल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून बसल्या. मी उठा म्हणाले तर म्हणे, "थांब गं जरा."

तोच घेतला. डोक्याकडच्या बाजूला एक फुटाचा पक्का ओटा बांधायला जागा नव्हती, म्हणून टबाच्या बाहेर जमिनीला पक्की, खरखरीत पायरी करून घेतली. दोन दांडे, आतून काँक्रीट भरून. हातात धरायचा शॉवरही लावलाय, म्हणजे नको त्या दिवशी त्या काठावर बसूनच अंघोळ करतील. जेट्स नाही घेतले. खाली मसाल्याची गादी घातलीय, करकर नाही.

ओळंबा, आत्ता टब ओव्हरफ्लोपर्यंत भरलेला आहे. दुपारी सिलिकॉन भरून झालं. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही असं मिस्त्री सांगून गेलाय. इतकं स्वच्छ पाणी भरलेलं आणि आत शिरायचं नाही, रात्र कशी काढायची सांगा.

ओळंबा
शाब्बास! हात लावू नका. उद्या पाणी सोडलंत की झडप उघडून टॉर्चने ड्रेनचा सांधा बघा. खाली कोरडा कागद पसरून ठेवा, थेंब पडला तर लगेच कळेल.

सांधेजोड
पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. उतरताना आजींना कड दिसायला हवी.

निवांतक्षण
कागद कोरडा निघाला. पट्टी लावली, पिवळी. सासूबाईंचा पहिला नंबर लागलाय, मी बाहेर टॉवेल घेऊन उभी आहे. बाकीचं उद्या लिहिते.

पाणकोंबडी
निवांतक्षण, माझ्या सहा फुटी टबासाठी पायाशी लावायला काही कायमचं मिळतं का, ते दुकानात दिसलं होतं का? स्टूल आता बुळबुळीत व्हायला लागलंय.